अबोली रंगाचे सात डबे

नाव जयाबाई मारुतीराव मुचंडीकर, वय ४६, धंदा शिवणकाम, राहणार तळ्याची गल्ली, वडगाव, बेळगाव. आज सोमवार, तारीख २१ जानेवारी १९८५ रोजी ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

प्रथम माझी एक तक्रार नोंदवून घ्यावी. मला सकाळी बोलावून ज्या बाकावर बसवलं, त्या बाकाच्या समोरच हवालदार आण्णाप्पा यांचं टेबल आहे. टेबलावर चिवड्याचा अबोली रंगाचा डबा आहे. हवालदार तो डबा दर थोड्या वेळाने उघडतात, मूठभर चिवडा खातात आणि झाकण दाबून लावतात. साक्षीदाराला चिवडा द्यावा असा कायदा नसेल. पण साक्षीदाराच्या तोंडासमोर खावा असाही नसावा. ही बाब जबाबात येणार नाही, असं हवालदार म्हणाले. मग मी गप्प बसते म्हणाले. म्हणून ती आली आहे.

आमच्या समोर रुक्माबाई हलगेकर राहतात. आमचा शेजार वीस वर्षांचा आहे आणि भांडण त्याहून थोडं नवीन आहे. गेल्या दिवाळीपासून शालूबाई नावाची एक बाई मच्छेहून सिटी बसने आमच्या गल्लीत येऊ लागली. ती एका कंपनीचे प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे विकते. हे डबे दुकानात मिळत नाहीत. एखाद्या घरी बायका जमवायच्या, शालूबाईने डबा पाण्याने भरून उलटा धरायचा, थेंब सांडत नाही हे दाखवायचं आणि बायकांनी ऑर्डरी द्यायच्या, अशी रीत आहे. ज्या घरी बायका जमतात त्या यजमानणीला कंपनी बक्षीस देते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आयत्याच जमतात. म्हणून रुक्माबाईंनी आणि मी मिळून शुक्रवारी डब्यांचं हळदीकुंकू करायचं ठरवलं. जागा रुक्माबाईंची, कारण त्यांची पुढची सोप्याची खोली मोठी. चहा-उप्पीट माझं, कारण त्यांच्या हाताला चव नाही. बायका दोघींच्या. ऑर्डरी भरपूर झाल्या. बक्षीस म्हणून शालूबाईने एकात एक बसणारे सात डबे काढून ठेवले. रंग अबोली. हा रंग फक्त बक्षिसाचा असतो, विकत मिळत नाही, असं तिने सर्वांसमोर सांगितलं.

"पण यजमानीण कोण?" मी विचारलं.

"आक्का, कंपनीला दोन घरं कळत न्हाईत. एकच नाव लागतंय," शालूबाई म्हणाली.

"मग माझं लाव. उप्पीट माझं हाय," मी म्हणाले.

"आणि घर कुणाचं हाय?" रुक्माबाई म्हणाल्या. "रस्त्यावर बसून खाल्लं असतं व्हय गं तुझं उप्पीट?"

वाटणीही जमेना. सातांतला मोठा कुणी घ्यायचा हा प्रश्न होता. शेवटी रथसप्तमीपर्यंत डबे रुक्माबाईंकडे ठेवायचे आणि मग चिठ्ठी टाकायची असं ठरलं. डबे त्यांच्याकडे राहणार हे ऐकून त्या हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. तसं सांगितलं नाही, पण लक्षात ठेवलं.

त्यानंतर मी कप विसळायला माझ्या घरी गेले. परत आले तेव्हा रुक्माबाई मागच्या दारी होत्या आणि उशिराच्या शेवटच्या बायका निघत होत्या. दारात रुक्माबाईंच्या सासूबाई गंगव्वा बसून हळदीकुंकू लावत होत्या, वाण देत होत्या. गंगव्वांना नीट दिसत नाही, पण हे काम त्या कुणाला देत नाहीत. शालूबाई कोपऱ्यात पाठमोरी बसून आपली पिशवी भरत होती. सगळ्या गेल्यावर ती निघाली. मी तिच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी फुगलेली होती. येतानाही ती तेवढीच फुगलेली होती, हे मला शनिवारी आठवलं.

शनिवारी सकाळी रुक्माबाई विरजण मागायला माझ्याकडे आल्या. त्यांच्या घरी म्हैस आहे. त्यांची नजर माझ्या फळीवरून फिरली, पलंगाखाली गेली, शिवणयंत्राच्या पेटीवर थांबली. मी पेटी उघडून दाखवली. मग त्यांनी डबे गेल्याचं सांगितलं. मी म्हणाले, "गेले का घालवले?" त्या म्हणाल्या, "तू नसशील तर ती डबेवालीच." मग पिशवीचं मी सांगितलं. पिशवी येतानाही फुगलेली होती, हे मला सांगायचं होतं. तेवढ्यात त्या विरजण न घेताच गेल्या आणि त्यांनी ठाण्यात शालूबाईचं नाव दिलं.

शालूबाई सकाळपासून बाहेर ओट्यावर बसून आहे. तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला सहा महिने टाळं आहे. मी आत येताना ती म्हणाली, "आक्का, पोलिसाचा कागद झाला की कंपनी पिशवी काढून घेती. पिशवी गेली की आमची चूल गेली. तुमी पाहिलंय नव्हं मला?" मी तिला उत्तर दिलं नाही. आता देते. मी तिला डबे घेताना पाहिलेलं नाही. मी फक्त पिशवी पाहिली.

येथवर सांगून झाल्यावर हवालदारांनी पुन्हा डबा उघडला. मी विचारलं, हा डबा कुठून आणला? ते म्हणाले, जबाब तुमचा चाललाय. मी म्हणाले, रंग बघा. त्यांनी रंग पाहिला. मग लिहिलेलं मागे जाऊन वाचलं. मग झाकण लावलं.

हवालदार म्हणाले, डबा त्यांच्या पत्नीने शुक्रवारी हळदीकुंकवातून आणला. वाणात मिळाला. हे वाक्य त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या आग्रहावरून लिहिलं आहे.

रुक्माबाई आणि गंगव्वा बाहेर होत्या, त्यांना आत बोलावलं. गंगव्वांना डबा हातात दिला. त्यांनी चाचपून ओळखला.

"व्हय, मीच दिला. वाणाच्या फण्या संपल्या की. दोन घरच्या बायका, पुरत्यात का? टोपलीमागं टॉवेलाखाली हे गावलं. सवाष्णीला रिकाम्या हातानं धाडायचं व्हय?" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "लई चांगलं वाण आणलंतंस गं, रुक्मे. सगळ्यांनी नाव काढलं."

डबे टॉवेलाखाली का होते, असं हवालदारांनी विचारलं. रुक्माबाई म्हणाल्या, धूळ बसेल म्हणून. वाणाच्या टोपलीमागे का, असं मी विचारलं. त्यांनी पदर सारखा केला. मला दिसू नयेत म्हणून, हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नाही.

हवालदारांनी डबा तुमचा मुद्देमाल म्हणून रुक्माबाईंपुढे केला. गंगव्वांनी तो परत सारला. "वाण परत घेत्यात व्हय रं, पोरा?" बाकीचे सहा डबे गल्लीत कुणाकुणाकडे आहेत हे सहज कळेल. पण ते मागायला जायला ठाण्यात कुणी तयार नव्हतं. मीही नाही. रुक्माबाईंनी तक्रार मागे घेते असं सांगितलं. कंपनीकडे काही कळवायचं नाही, असं हवालदार स्वतःहून म्हणाले आणि मला चिवडा दिला. मी घेतला. मीठ कमी आहे.

आणखी एक सांगायचं आहे. शुक्रवारी त्या खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लागलं, वाण मिळालं. शालूबाई दुपारपासून तिथेच होती. ती कंपनीची, म्हणून कुणाला सुचलं नाही. चहा तिला मी दिला. कपाचा कान तुटलेला होता. घरात दुसरे कप होते.

याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असं हवालदार म्हणाले. बरोबर आहे.

सही करण्याआधी मी दोन मिनिटं बाहेर जाऊन येण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. जाताना गंगव्वांच्या कनवटीला खोचलेली कुंकवाची डबी मागून घेतली. ओट्यावर शालूबाईचं माझ्याकडे जे राहिलं होतं, ते देऊन परत आले. तिने विचारलं, "आता कशाला, आक्का?" मी म्हणाले, रथसप्तमीपर्यंत चालतं.

हा जबाब मी सांगितला तसा, आणि दोन ठिकाणी हवालदारांच्या मनाविरुद्ध, लिहिला गेला. तो मला मराठीत वाचून दाखवला. मी ऐकला, तो बरोबर आहे. सहीशेजारी तांबडा डाग पडला आहे तो शाईचा नाही, माझ्या बोटाचा आहे. तो पुसू नये.

(सही) जयाबाई मा. मुचंडीकर
समक्ष: हवालदार आण्णाप्पा