सोमवारची नखं

दहिवलीच्या नाक्यावर टमटम भरायची वाट बघत बसलो होतो. मागच्या सीटवर साठीतली एक बाई आणि एक गडी, एकाच वाडीची.

“गुरुजींना भेटलास का रं, नवशा?”

“भेटलो, बुधे. हातरुणावरच हायत. वळखलं नाय मला.”

“गुरुजी आमदार होऊन वाडीत आले तवा समदे हार घालत होते, नि तू नुसता हात पुढं केलेलास.”

“शाळेत दर सोमवारी नखं बघायचे ना. हात आपसूक गेला.”

“त्यांनी पन हार बाजूला ठेवून आधी नखंच बघितली.”

“आज पन केले गं हात पुढं. शेतातनं तसाच गेलेलो.”

“मग?”

“लई येळ बघत राह्यले. म्हनले, जा, धुऊन ये.”

“नि तू?”

“गेलो. अंगणातल्या नळावर धुतले, नि परत जाऊन दाखवले.”