भोंग्याची वायर काढणाऱ्या साहेबांना निरोप

आदरणीय अध्यक्ष गोविंदसिंगजी, व्यासपीठावरचे व्यापारी बंधू, सत्कारमूर्ती आणि आपल्या गोदामाचे मावळते व्यवस्थापक उत्तमराव साहेब, हमाल दादा-बायांनो, आणि साहेबांच्या हातून साडी घ्यायला किन्हीराजाच्या तांड्यावरून आलेल्या रुपाबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी धम्मदीपा, गोदामाच्या वजनकाट्यावर बसते. साहेबांविषयी चांगलं बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. साहेबांची शिस्त कोणाला ठाऊक नाही? रिसोडच्या बाजारात सोयाबीनची केवढी आवक, पण आपली गाडी कधी खोळंबली नाही. साहेबांना गोंगाटही खपत नाही. फोर्कलिफ्ट मागे येताना तिचा भोंगा वाजायचा. फोनवर बोलताना त्रास होतो म्हणून साहेबांनी त्याची वायर काढायला लावली. हमालांनी ती परत जोडा म्हणून विनवलं, तेव्हा साहेब म्हणाले, "डोये नाहीत का तुमाले?"

डोळे होते. पण रुपाबाईंचा पोरगा बादल पोत्यांच्या थप्पीजवळ पाठमोरा बसून फाटकं पोतं शिवत होता. फोर्कलिफ्ट मागे आली आणि त्याला थप्पीवर चेपूनच थांबली. मी धावत गेले. कमरेखाली त्याचा चेंदा झाला होता, शुद्ध मात्र होती. म्हणाला, "ताई, मायले सांगू नका."

दारात एकच ट्रक होता, अर्धा भरलेला. त्यातून वाशीमला नेतो, असं हमाल म्हणाले. साहेब म्हणाले, "पयले गाडी भरा, मंग न्या."

गाडी भरली. बादल ताडपत्रीवर पडून पोती चढताना बघत होता. शेवटचं पोतं चढलं तेव्हा त्याला न्यायची घाई उरली नव्हती.

पोलिसांना साहेबांनी सांगितलं, पोरगा पिऊन होता. मी तिथंच खोटं आहे म्हणाले. माझं कोणी लिहून घेतलं नाही. खरं सांगायला तांड्यावर गेले, तर रुपाबाई ऊसतोडीला गेलेल्या. आज दारात त्यांनीच माझा हात धरून विचारलं, "बाई, माह्या पोरानं कायले पेली असंल वं?"

ही माय तेव्हापासून मेलेल्या पोरावर रागावून आहे.

रुपाबाई, त्यानं सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगते. बादल प्यायला नव्हता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडाला भाकरीचा वास होता, बाकी कसला नाही.

साहेब, बसा ना, संपतच आलंय. तुम्ही आता आणखी मोठ्या गोदामावर निघालात, अभिनंदन. आयोजकांनी बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं माफ करावं.

रुपाबाई, तुम्ही मात्र करू नका.