आज विझला नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची मुलगी नंबर लागायची वाट बघत होत्या. मुलगी प्रयोगशाळेत प्लाझ्मा, म्हणजे भयंकर तापलेला वायू, पेटवायची. पुढेमागे त्यातून वीज निघावी म्हणून.

“आजही विझला का गं तुझा तो?”

“नाही.”

“दरवेळी भांड्याच्या भिंतीला टेकला की विझतो म्हणतेस.”

“आज टेकलाच नाही. राहिला तसाच.”

“मग?”

“त्याला धरून ठेवणारी चुंबकं तापत चालली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच बंद केला.”

“इतकी वर्षं टिकावा म्हणून जिवाचं रान केलंस, आणि टिकला तर बंद केलास?”

“करावाच लागला. पण बंद करायचं बटण कुठलं, तेच आठवेना. कधी लागलंच नव्हतं.”