आधी खोली ऐकायची

—नाही साहेब, आवाज शोषायच्या या चौकटी इतक्यात नाही लावायच्या. आधी खोली ऐकायची, मग कुठली चौकट कुठल्या भिंतीवर ते ठरतं. म्हणून तर गालिचा गुंडाळला, पडदे उतरवले. बसा ना त्या खुर्चीवर. वहिनी, तुम्हीपण या, आईंनाही बोलवा — हाँ, दारातच थांबा. आता साहेब, काहीतरी गा. नाही, स्टिरिओ नको, माणसाचा आवाज हवा. लाजता काय, घरचीच तर माणसं आहेत. दोन ओळी. भजन येत असेल ना?

हं. पुरे. वरचा सूर लागला की भिंत कशी अंगावर येते, बघितलंत? हसू नका वहिनी, यात साहेबांचा दोष नाही. उघड्या भिंती, खाली फरशी — इथं कुणीही गायलं तरी पत्रा वाजवल्यासारखंच वाटणार. साहेबांना पटलं बघा लगेच. लष्कराच्या छावणीतल्या आमच्या खोलीत नव्हतं पटलं — तिथं तर डोक्यावर खराच पत्रा होता.

ओळखलं नाहीत? कसे ओळखाल — मी कुठं कुणाशी बोलतो, आजच एवढं बोलतोय. मृणालचा धाकटा भाऊ मी, तुम्ही तिला बघायला आला होतात ना, लग्नासाठी. अशीच खुर्ची, अशीच सगळी समोर बसलेली, तुमच्या या आई म्हणाल्या गाऊन दाखव, ताईनं गाऊन दाखवलं. तुम्ही 'कळवतो' म्हणून उठलात — आणि गणपतीत लखनौच्या सगळ्या मराठी घरांना कळवलंत, आम्हाला सोडून. मुलगी बरी आहे म्हणे, पण आवाज कर्कश! माझ्या ताईचा? दूधवाला भैया माप हातात धरून उभा राहायचा हो तिचं संपेपर्यंत. आता आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवते — मी शेजारी उभा असतो ना, मला कळतं... जाऊ दे, हे सांगणार नव्हतो.

तुमचं काम हज़रतगंजला दुकानात आलं, तेव्हा मालकांकडून मीच मागून घेतलं. चौकटी मात्र मन लावून केल्यात, कापूस कसा ठासून भरलाय, दाबून बघा. लावल्या की तुमचाही आवाज गोड लागेल.

फक्त एक म्हणा — वहिनींसमोर, आईंसमोर — की दोष त्या खोलीचा होता, मुलीचा नव्हता. एवढंच. लगेच हातोडा घेतो.

...खिडकीबाहेर काय बघताय?

अच्छा. मग उचलतो चौकटी. मालक ओरडतील, ओरडू देत. रिक्शावाला खाली उभाच आहे. सरका थोडं, वहिनी, कोपरा लागेल.

काम कधी होईल म्हणता, साहेब?

कळवतो.