उजव्या कानाचा बंड्या

...नाही, मला सांगा, कान डावा की उजवा, एवढ्यावरून माणसाला आमच्या जोहे गावाहून पार रोह्याला हेलपाटे घालायला लावतात का कोणी? तेही कुत्र्याच्या कानावरून! तुम्हाला सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या गणपती घडवतात. मीसुद्धा वीस वर्षं मूर्तीचे डोळे आखले. मग कुठून बुद्धी झाली देव जाणे, तांब्याच्या पत्र्यावर लोकांची कुत्री कोरायला लागलो! पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं चित्र ओरखडायचं, ॲसिडात बुडवायचं, मग रेघांत शाई भरून कागदावर दाबायचं. आमचे तीर्थरूप हैबतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "बाप देव घडवतो, पोरगा कुत्री ओरबाडतो!" ऐकून घेतो. काय करणार?

तर रोह्याच्या गोदूबाई. त्यांचा कुत्रा बंड्या गेला, चौदा वर्षांचा होऊन. "फोटो पुसट होत चाललाय रे जितेश, तू कोरून दे. तेवढाच राहील माझ्याजवळ." आता असं म्हटल्यावर...? महिनाभर फोटो बघून एकेक केस काढला. डावा कान फाटका, तोसुद्धा मांजरीनं फाडलेला! इतका भित्रा! कागद उचलला, काय झकास ठसा, तसाच उड्या मारत रोह्याला.

गोदूबाईंनी चष्मा लावला. काढला, पुसला, परत लावला. "ह्यो माझा बंड्या नाय."

म्हटलं, अहो मावशी, नीट बघा की!

"चौदा वर्षं त्याचा कान खाजवलाय मी. डावा. ह्याचा उजवा हाय!"

मी बघतो तर... मेलो! अहो, छाप्यात सगळं आरशासारखं उमटतं, डावं ते उजवं, उजवं ते डावं! शाळेतल्या पोराला कळतं. पण माझी वीस वर्षं मूर्तीत गेलेली. मूर्तीत डावी सोंड डावीच राहते हो! वर गोदूबाई म्हणतात, "आणि उजवं कडक असतं! उजव्या सोंडेच्या गणपतीचं केवढं सोवळं! उजव्या कानाच्या कुत्र्याचं ह्या वयात मला झेपायचं नाय!" आता ह्यावर बोला! हसू येत होतं, पण ते 'माझा नाय' फार लागलं, खोटं कशाला सांगू?

परत पत्रा, परत मेण, परत महिना. ह्या खेपेला आरशात बघून काढला. वडील दारातून, "आता कुत्र्याला भांग पाडतोस काय?" डावं ते उजवं, उजवं ते डावं करत डोकं फिरलं, पण काढला! गोदूबाईंनी कानावरून बोट फिरवलं. "आलास रे?" बस, एवढंच.

म्हटलं, मावशी, तो चुकीचा द्या, फाडून टाकतो.

"नाय देणार! दारावर लावलाय. ह्यो भित्रा, ह्यो उशाशी राहील. तो कडक हाय! लावल्यापासून माकडं नाय, विक्रेते नाय... जावईबी बाहेरूनच बोलून जातो!"

झालं! अख्ख्या आळीला दारावर आपापला कुत्रा पाहिजे, पण उजव्या कानाचा, फाटका, कडक! त्याच आळीतल्या शकूताईंचा वाघ्या, दोन्ही कान ताठ, छान जनावर. म्हटलं, खोटं का काढा? आरसा लावून, जसा आहे तसा काढून दिला.

काल घेऊन परत आल्या. "अहो, हा हुबेहूब आमचाच आलाय की! बदलून द्या!"