डबा रिकामा परत करायचा नसतो

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय रवींद्र साहेब, मंचावरील सर्व मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या माझ्या मैत्रीण श्रीमती दीपमाला मेश्राम, त्यांच्यासोबत आवर्जून आलेले त्यांचे यजमान नागसेनभाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

दीपमालाताईंच्या कामाबद्दल साहेब आताच बोलले. आपल्या नकाशा शाखेत त्यांच्या हातासारखी रेघ कोणाची नाही, हे खरंच आहे. मी मात्र त्यांच्या डब्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. हारांच्या मागे टेबलावर तो स्टीलचा डबा दिसतोय ना? झाकणावर नागसेनभाऊंचं नाव कोरलेलं आहे. लग्नातला आहेर आहे तो. नागसेनभाऊ, तुमचा डबा गेले काही महिने अर्धा वेळ माझ्याकडे राहायला असतो. तुमच्या कानावर घातलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

माझे यजमान गेले, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. आपण सगळे भेटायला आला होतात. त्यानंतरचं मात्र फारसं कोणाला माहीत नाही. एका माणसासाठी कुकर लावायचा म्हणजे तांदूळ किती घ्यायचे, हेच मला कळेना. माझी लेक मोनाली बंगळुरूला असते. तिने काळजीने एक पावडर पाठवली. दोन चमचे पावडर, पाणी, बाटली हलवली की जेवण तयार. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्री तेच. रविवारी जरा बदल म्हणून चहा-बिस्कीट.

पावडरीला मी नावं ठेवणार नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, भांडी घासायची नव्हती, आणि 'आज काय करू' असं ज्यांना विचारायचं ते आता नाहीत, याची आठवणही होत नव्हती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. शिवाय आपल्या शाखेचा नियम तुम्हाला माहीत आहे. नकाशाला तेलाचा डाग लागू नये म्हणून टेबलावर डबा उघडायचा नाही, व्हरांड्यात जाऊन जेवायचं. झाकणाच्या बाटलीला मनाई नव्हती. म्हणजे तुम्ही सगळे व्हरांड्यात आणि मी माझ्या टेबलाशी. सगळ्यांना वाटायचं, बाई किती कामसू.

दीपमालाताईंना तसं वाटलं नाही. एकदा माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय पिऊन राहिली वं तू रोज?"

"जेवण आहे ते."

"जेवण कोणी पेते काय वं? दात काय फोटोसाठी ठेवले?"

मी हसून वेळ मारून नेली. संध्याकाळी निघताना त्यांनी हा डबा माझ्या पिशवीत ठेवला. "पातोडीचा रस्सा आहे. खा नाही तर नको खाऊ. डबा मात्र उद्या आणजो, यांच्या नावाचा आहे."

आता माझी अडचण बघा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण वाढले कामठीत. शेजारी विणकरांची घरं होती. ईदला तिकडून शेवयांचं भांडं यायचं, दिवाळीत आमच्याकडून करंज्या जायच्या, आणि आई कोणाचंच भांडं कधी रिकामं परत पाठवायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. शाळेत सिस्टरांनी काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवलं. हे आईनं शिकवलं होतं. मग मी हा डबा रिकामा कसा देणार?

मी साखर घातली. दीपमालाताईंनी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा माझ्या पिशवीत, आत वांग्याची भाजी. मी सीताबर्डीच्या बाजारातून चिवडा आणून भरला. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "हा बर्डीचा व्हय. याले तुझा हात नाही लागला."

त्यानंतर अंबाडीची भाजी आली. मग मी गोळाभात केला. कितीतरी महिन्यांनी फोडणीचा आवाज ऐकला. डाळीचे गोळे आधी वेडेवाकडे झाले, पण वळले गेले. दुसऱ्या दिवशी बाटली घरीच ठेवून मी पहिल्यांदा व्हरांड्यात गेले. दीपमालाताईंनी भातावर तेल घेतलं, घास घेतला, शांतपणे चावला आणि विचारलं, "मीठ घरीच राहिलं काय वं?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आलं. आमच्याकडे मीठ नेहमी हे चाखायचे. मी स्वयंपाक करायचे आणि हे चमचा घेऊन ओट्याशी उभे. मी चाखायची सवयच ठेवली नव्हती. तसं मी दीपमालाताईंना सांगितलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की समजूत घातली नाही. भात संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "मंग आता तूच चाखत जाय."

तेव्हापासून हा डबा आमच्या दोघींच्या घरी फिरतोय.

गेल्या महिन्यात त्या शिल्लक रजेवर गेल्या, डबा माझ्याकडेच राहिला आणि मला धास्ती वाटली. आता मला डबा देणारं कोणी नाही आणि परत मागणारंही कोणी नाही. मी पुन्हा बाटलीवर जाईन का? पहिल्या संध्याकाळी पावडरीचा डबा खाली काढलाही होता. झाकण उघडलं, तो व्हॅनिलाचा वास आला. झाकण घट्ट बंद केलं आणि कुकर लावला. फक्त माझ्यासाठी, वाटीभर तांदूळ.

आमच्या खालच्या मजल्यावर जिजाबाई राहतात. मी बाटलीवर होते तेव्हा त्यांनी मला जिन्यात अडवलं होतं. "गावाले गेली होती काय वं बाई? कुकर ऐकू नाही आला." डब्यापुरतं मी सकाळी पातेल्यातच करायचे; त्या संध्याकाळी मात्र शिट्टी झाली आणि खिडकीतून त्यांचा आवाज आला, "आली काय वं गावाहून?"

मी म्हटलं, "हो, आले."

दीपमालाताई, आज तुम्ही जाताय म्हणून वाईट वाटतंच. पण मी जी भीती धरून बसले होते, ती उरली नाही. मोनालीच्या पावडरीचा डबा अजून घरी आहे. ताप आला तर उपयोगी पडेल.

पोहे आणि तर्रीचं पातेलं मागे आलेलं दिसतंय, आणि त्याचा वास मला इथे मंचावर येतोय, म्हणून आवरतं घेते. साहेबांनी बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. नागसेनभाऊ, तुमचा डबा आज मी परत करतेय. आत गोळाभात आहे. घरी न्या, दोघं मिळून खा, आणि दीपमालाताई, तो परत कसा पाठवायचा हे तुम्हाला सांगायला नको. माझा पत्ता तोच आहे.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. डब्यातलं मीठ मात्र मी चाखलेलं आहे.