टोकाला धरलेलं बोट

(स्वयंपाकघरातलं टेबल. हलिनाच्या डाव्या तर्जनीचं टोक तिच्या बापानं, झिगी पावलाकनं, दोन बोटांत सरळ धरलं आहे. बोट सरळ ठेवणारा पत्र्याचा स्प्लिंट काढून बाजूला ठेवला आहे.)

हलिना : तसं नाही रे बाबा, खालून आधार दे. नखाला चिमटा काय काढतोयस?

झिगी : खालूनच दिलाय. माझ्या बोटांचं खाली कुठलं नि वर कुठलं ते मलाच कळत नाही, तुला काय कळणार!

हलिना : टोक जरा जरी खाली पडलं तरी सगळं पहिल्यापासून. टोक उचलणारा तुटलेला स्नायुबंध आत्ता कुठे जुळायला लागलाय, एकदा वाकलं की परत दीड महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय.

झिगी : दर वेळी तेच सांगतेस. पूस लवकर. कुबट वास मारतोय.

हलिना : इतके दिवस पट्टीत कोंडलंय. अत्तराचा येणारे का?

झिगी : चेंडू छातीवर घ्यायचा सोडून बोटाच्या टोकावर घ्यायला कोणी सांगितला होता?

हलिना : आपल्या सॉफ्टबॉलचा चेंडू भोपळ्याएवढा, हातमोजा घालायचा नाही, लागणारच. तुझी सात बोटं वाकडी झाली ती काय छातीवर घेऊन झाली?

झिगी : आठ.

हलिना : बरं, आठ.

झिगी : कोरडं झालं? घाल मग स्प्लिंट. मी धरलंय.

हलिना : नाही घालायचा. सोड आता.

झिगी : काय?

हलिना : सोड म्हणते. मारिसोल गाडी घेऊन निघालीय. आज फायनल आहे आणि माझ्याशिवाय नऊच जणी उरल्यात. दहावी नसेल तर पोरी न खेळताच हरणार.

झिगी : स्प्लिंट घालून खेळ.

हलिना : अंपायर हातात पत्रा चालवून घेत नाही. विचारून झालं.

झिगी : मग नको खेळूस.

हलिना : हे कोण बोलतंय? आर्चर अव्हेन्यूवरच्या बारमध्ये काउंटरवर पंजे पसरून एकेका बोटाची गोष्ट सांगणारे झिगी पावलाक? हातमोजे घालून खेळणाऱ्यांना 'काय, भांडी घासायला निघालात का?' म्हणणारे?

झिगी : तेच.

हलिना : मग सोड ना!

झिगी : ओढून घे.

हलिना : ओढलं तर वाकेल!

झिगी : मग बस गप.

हलिना : बाबा, थट्टा पुरे. मी खरंच सांगते, मला सरळ बोट नकोय. वाकडंच हवंय. लहानपणी तुझे हात बघून मी माझी बोटं ड्रॉवरमध्ये चेपून घ्यायचे, माहितीय? तुझ्यासारखी व्हावीत म्हणून. तू मला खेळताना बघायला कधी आला नाहीस. 'पोरींच्या हातांचं काम नाही' म्हणायचास. आता एक बोट मिळालंय पावलाकांचं, तर तूच धरून बसलायस.

झिगी : उद्या हॉस्पिटलात बाळांचं रक्त काढायला बसशील, तेव्हा त्यांची शीर कशानं चाचपणार?

हलिना : दुसऱ्या बोटानं. होते सवय. तू नाही का निभावून नेलंस?

झिगी : कोण म्हणालं निभावलं म्हणून?

हलिना : म्हणजे?

झिगी : तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणातल्या गोळ्या. दुखण्यावरच्या. ती चंदेरी स्ट्रिप यायची बघ, मागून दाबून गोळी काढायची.

हलिना : हो. त्याचं काय?

झिगी : मला निघायची नाही. बोटाच्या टोकात जोर लागतो. तोच नाही माझ्यात. दातानं फोडायला गेलो की चुरा व्हायचा.

हलिना : कात्री होती की घरात.

झिगी : त्या कात्रीच्या भोकात माझी बोटं जातात का? शेजारच्या ओर्तेगाबाईंचं दार वाजवायचो. त्या नसल्या की तुझी आई कळ काढत पडून राहायची. तू ड्यूटीवरून येईपर्यंत. 'राहू दे झिगी, फारसं दुखत नाहीये' म्हणायची. दुखत असायचं.

हलिना : मला सांगायचं नाहीस? मी गोळ्या काढून वाटीत ठेवून गेले असते रे.

झिगी : तिनं सांगू दिलं नाही. म्हणायची, पोरीला वाटतं बापाचे हात लोखंडाचे आहेत, वाटू दे. आणि मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

हलिना : बाबा...

झिगी : लाज वाटते मला. बारमध्ये ही गोष्ट सांगत नाही मी. बाकीच्या आठ सांगतो.

(बाहेर हॉर्न वाजतो. मग जिन्यावर पावलं.)

मारिसोल : हलिना, अगं किती वेळ! पोरी मैदानावर पोचल्या. हे काय, हातात हात घालून काय बसलाय? नमस्कार, काका. भविष्य बघताय की काय?

झिगी : बोट धरलंय तिचं. सोडलं तर पडेल.

मारिसोल : पट्टी काढली? वा! म्हणजे खेळतेयस. चल, बूट घाल.

हलिना : दोन मिनिटं थांब, मारिसोल. बाबा, केव्हाचा धरून बसलायस.

झिगी : असू दे. टोक हललेलं नाही.

हलिना : तुला कळ लागली असेल.

झिगी : हे बघ, बोट तुझं आहे. तू सोड म्हणालीस तर आता सोडेन. मघाशी हट्ट केला, तो केला. बोल.

मारिसोल : काका, सोडा की हो! एक दिवसाचा तर प्रश्न आहे. ही नाही आली तर गेलीच फायनल. वर्षभर घाम गाळलाय पोरींनी. त्यांना काय तोंड दाखवू मी?

हलिना : तो स्प्लिंट सरकव इकडे.

मारिसोल : हलिना!

हलिना : सरकव गं. आणि चिकटपट्टी फाडून दे. बाबा, जरासं वर. बस, असंच धर.

मारिसोल : घ्या. आता मैदानावर जाऊन काय सांगू? कोणी विश्वास तरी ठेवेल का?

झिगी : सांग, म्हाताऱ्यानं सोडलं नाही. सांग, झिगी पावलाकनं पोरीला घरात बसवलं. बारमध्येही सांग. हसू देत मला.

हलिना : तसलं काही सांगायचं नाही, मारिसोल.

मारिसोल : मग काय सांगू?

हलिना : सांग, हलिनाला तिचं बोट हवंय.